मदत हवी आहे: एचएसएस गिटारच्या ब्रिजसाठी हंबकर, गेन चढवल्यावरही सूर सुटे ऐकू येणारा

नमस्कार मंडळी,

माझी गिटार एचएसएस आहे, म्हणजे ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), मध्ये आणि नेकला सिंगल कॉइल. तिच्या ब्रिजचा हंबकर बदलायचा आहे. निवड तीन-चार पिकअपपर्यंत आणली आहे, पण पुढे गाडं अडलंय. हे पिकअप ज्यांनी स्वतःच्या गिटारवर बसवून वाजवले आहेत, त्यांचं मत हवं आहे. माहिती जरा सविस्तर देतो, कारण नुसतं ‘ब्रिजसाठी चांगला हंबकर सुचवा’ म्हटलं की सगळीकडून ‘डोळे झाकून जेबी लाव’ (सेमोर डंकन कंपनीचा हंबकर) एवढंच येतं.

गिटार स्ट्रॅटच्या घाटाची आहे. आल्डरची बॉडी, बोल्ट-ऑन मेपल नेक, रोझवूड फ्रेटबोर्ड, स्केल २५.५ इंच, दोन पोस्टवरचा ट्रेमोलो. एक व्हॉल्यूम, एक टोन, पाच-वे स्विच. नेकचा आणि मधला सिंगल कॉइल अल्निको ५ मॅग्नेटचे आहेत. ते मला मनापासून आवडतात, त्यांना हात लावायचा नाही. तारा ०.०१० च्या, ट्युनिंग स्टँडर्ड, क्वचित ड्रॉप डी. अँप ट्यूबचा, मार्शलच्या वळणाचा, आणि पुढे एक ओव्हरड्राइव्ह पेडल. बँडमध्ये दुसरा गिटारिस्ट नाही, त्यामुळे ऱ्हिदम आणि लीड दोन्ही माझ्याकडेच.

आता त्रास सांगतो. गिटारसोबत आलेला हंबकर सिरॅमिक मॅग्नेटचा आहे आणि भरपूर गरम, म्हणजे जोरदार आउटपुटचा आहे. क्लीनवर चालून जातो. पाम म्यूट करून पॉवर कॉर्ड वाजवले तरी चालतो. पण गेन (अँपचं डिस्टॉर्शन वाढवणारा नॉब) अर्ध्यावर नेऊन ए मायनर पूर्ण सोडला की पाचव्या तारेचा खर्ज आणि त्याचा पंचम तेवढे कळतात. दुसऱ्या तारेवरचा कोमल गंधार, ज्याच्यामुळे तो कॉर्ड मायनर आहे, तो चिखलात रुतून बसतो. अर्पेजिओ वाजवताना तर आधीचा सूर पुढच्यावर सांडत राहतो.

डिस्टॉर्शनमध्ये तिसरा सूर घोळ घालतोच, हे मला मान्य आहे. दोन सूर एकत्र क्लिप झाले (लहरींचे शेंडे छाटले गेले) की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. पंचमाच्या बाबतीत ते कॉर्डमध्ये बरेचसे मिसळून जातात, गंधाराच्या बाबतीत गढूळ होतात. ते कुठलाही पिकअप पूर्ण टाळू शकणार नाही. पण त्याच अँपवर, त्याच सेटिंगवर एका मित्राची जुन्या धाटणीचा सौम्य हंबकर असलेली गिटार लावली, तर तोच ए मायनर स्वच्छ उलगडतो. म्हणजे माझ्या पिकअपचा वाटा यात नक्की आहे.

बदलायच्या आधी जे करता येतं ते करून झालंय. शेवटचा फ्रेट दाबून पोल पीस (पिकअपमधले तारांखालचे धातूचे खुंट) आणि तारेतलं अंतर मोजत पिकअप हळूहळू खाली नेला. बासच्या बाजूला ३ मिमीच्या आसपास ठेवल्यावर सहावी तार बरीच शहाण्यासारखी वागू लागली, पण मधल्या तारा दबलेल्याच राहिल्या. उलट आवाजातला जोर गेला. व्हॉल्यूम पॉटची (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरची) वायर सोडवून मीटर लावला, तो ५०० के (किलोओहम) च्या जवळच आहे. म्हणजे पॉटमुळे वरचा भाग कापला जातोय असंही नाही.

निवडताना सगळ्यात जास्त वेळ डीसी रेझिस्टन्सच्या आकड्यांवर गेला. सेमोर डंकनचा ’५९ ब्रिजला साधारण ८ के, जेबी १६ के च्या वर, डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १४ च्या अलीकडे. यावरून जेबी ’५९ च्या दुप्पट जोराचा असं वाटतं, पण तसं नसतं. जेबीत वायरच बारीक आहे, आणि बारीक वायरचा रेझिस्टन्स तेवढ्याच वेढ्यांना जास्त येतो. मॅग्नेट कुठला, वेढे किती, इंडक्टन्स किती, यावर जोर आणि स्वर ठरतो. त्यामुळे केवळ के पाहून सल्ला देऊ नका ही विनंती.

माझ्या यादीत पहिला ’५९ आहे. १९५० च्या दशकात सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी जो हंबकर बनवला, पीएएफ म्हणून ओळखला जाणारा, त्याच घराण्यातला. अल्निको ५, मोजके वेढे, वर मोकळा. मला हवा असलेला सुटेपणा यात असणार याची जवळजवळ खात्री आहे. भीती एवढीच की लेस पॉलच्या महॉगनीत आणि छोट्या स्केलवर जो भरीव वाटतो, तो २५.५ इंची आल्डर गिटारवर, ट्रेमोलोसमोर, पातळ आणि किनरा पडेल. एकट्याने लीड वाजवताना मागे कुणी कॉर्ड धरायला नसतं, तेव्हा पातळ सूर उघडा पडतो.

दुसरा डंकनचाच कस्टम ५. वेढे त्यांच्या कस्टम या पिकअपचे, पण सिरॅमिकऐवजी अल्निको ५. खर्ज घट्ट, मिड्स थोडे मागे. मिड्स मागे गेले की ड्रम आणि बासच्या गर्दीत लीड हरवणार नाही ना, हा माझा प्रश्न. तिसरा ’५९/कस्टम हायब्रिड, ज्यात एक कॉइल ’५९ ची आणि दुसरी कस्टमची. दोन्ही कॉइल सारख्या नसल्यामुळे काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना पुरत्या मारत नाहीत आणि वरचे बारकावे जास्त राहतात, असा त्यामागचा विचार आहे. मला कागदावर हाच सगळ्यात पटतो. हमची (विजेच्या घुरघुरीची) काटछाटही थोडी कमी होत असणार, पण प्रत्यक्ष स्टेजवर ती जाणवते का?

जेबी मी अजून पूर्ण काढलेला नाही. वरच्या मिड्सची त्याची धार लीडला सुंदर लागते. पण मला आउटपुट वाढवायचाच नाहीये, गेन अँपमध्ये हवा तेवढा आहे. सुपर डिस्टॉर्शन १९७० च्या दशकात लोकप्रिय झाला तेव्हा अँपमध्ये एवढा गेन नव्हता, म्हणून पिकअपने अँपला ढकलणं ही तेव्हाची गरज होती. माझी गरज नेमकी उलटी आहे. डिमार्झिओचा टोन झोन खर्जाने जड म्हणून बाजूला ठेवला.

पोल पीसच्या मापाबद्दल: पहिल्या तारेपासून सहाव्यापर्यंतचं अंतर ब्रिजपाशी ५२ मिमी भरतं. म्हणजे डंकन घेतला तर ट्रेमबकर, डिमार्झिओ घेतला तर एफ-स्पेस्ड (दोन्ही रुंद अंतराची मापं), हे धरून चाललोय.

स्प्लिटबद्दलही ऐकायला आवडेल. दुसऱ्या पोझिशनला, म्हणजे ब्रिज आणि मधला एकत्र असताना, हंबकरची एकच कॉइल चालू ठेवायची आहे. ’५९ सारख्या कमी वेढ्यांच्या पिकअपची अर्धी कॉइल मधल्या सिंगलसमोर दुबळी पडते का? त्यापेक्षा तिथे दोन्ही कॉइल पॅरलल जोडणं बरं का? आणि सिंगल कॉइल ५०० के वर थोडे चरचरतात, म्हणून सुपरस्विच (जास्त जोडण्यांचा पाच-वे स्विच) टाकून फक्त त्यांच्या पोझिशनला ४७० के चा रेझिस्टर व्हॉल्यूमला समांतर जोडायचा बेत आहे. हिशेबाने २४२ के च्या आसपास येतं. कुणी केलं असेल तर स्विच बदलताना टक् असा आवाज येतो का, ते सांगा.

सोल्डरिंग माझं मी करतो, रंगांचे कोडही माहीत आहेत (सिग्नलची वायर डंकनची काळी, डिमार्झिओची लाल), त्यामुळे वायरिंगची चिंता नाही. उत्तर देताना तुमची गिटार कुठल्या लाकडाची, पॉट किती के चे आणि गेन साधारण कुठे ठेवता, एवढं लिहिलंत तर मला तुलना करता येईल. ’५९ किंवा हायब्रिड आल्डरच्या बोल्ट-ऑन गिटारवर वाजवणारं कुणी असेल, तर गेनवर पूर्ण मायनर कॉर्ड सोडलेली छोटीशी क्लिप टाकाल का? रिफ नको, कॉर्डच हवा. आणि लीडमध्ये बाराव्या फ्रेटच्या वर पहिली तार कशी लागते तेही.