अण्णाकाकांच्या किडनीतली सिस्ट

अण्णाकाका: रिपोर्ट आला. डाव्या किडनीला सिम्पल कॉर्टिकल सिस्ट, ६ सेंमी. सरळ काढून टाकतो, उगाच आत ठेवून काय करायचंय

काकू: रात्रभर मोबाईलवर वाचत बसलेत. साडेतीनला मला उठवून विचारतात तुझा ब्लड ग्रुप काय गं

दादा: 😂😂

ताई: काका आधी शांत व्हा. सिम्पल सिस्ट म्हणजे पातळ भिंतीचा पाण्याचा फुगा, पन्नाशीनंतर कितीतरी जणांना असतो आणि बहुतेकांना कधी कळतही नाही. सोनोग्राफी कशासाठी केली होती?

अण्णाकाका: प्रोस्टेटसाठी

ताई: डाव्या बाजूला दुखतं का?

अण्णाकाका: रिपोर्ट वाचल्यापासून दुखतंय

आत्या: अण्णा माझं ऐक. माझी ९ सेंमीची होती आणि खरंच दुखायची, कुशीवर झोपता यायचं नाही. सुई घालून पाणी काढलं, लगेच बरं वाटलं, मी आपली सगळ्यांना सांगत सुटले काही नसतं हो म्हणून, आणि वर्षाच्या आत परत तेवढीच भरली

ताई: भरणारच आत्या, आतलं अस्तर तसंच राहतं ना. विहीर उपसली तरी झरे जिवंतच. म्हणून नुसतं पाणी काढून थांबत नाहीत, रिकाम्या सिस्टमध्ये अल्कोहोल नाहीतर पॉलिडोकॅनॉल नावाचं औषध सोडतात, त्याने अस्तर मरतं आणि भिंती एकमेकींना चिकटतात. त्याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. तेवढ्या जागेपुरती भूल देऊन होतं

दादा: अल्कोहोल?? काकांना आता मेडिकल कारण मिळालं

काकू: तू गप रे

ताई: ९५ टक्क्यांच्या वरचं असतं ते, आणि थोड्या वेळाने परत ओढून घेतात. त्याआधी एक्स-रेत दिसणारा डाय सोडून बघतात की सिस्टची वाट लघवीच्या मार्गात उघडत नाहीये ना, उघडत असेल तर अल्कोहोल अजिबात नाही. किडनीच्या मधोमध असलेल्या पॅरापेल्विक सिस्टला पण म्हणूनच जपून

आत्या: माझं शेवटी दुर्बिणीतून केलं, पोटावर तीन भोकं. मला वाटलं अख्खी काढली पण डॉक्टर म्हणाले फक्त छप्पर काढलंय

ताई: बरोबर, डीरूफिंग. तळ किडनीला चिकटलेला असतो, तो ओरबाडला तर रक्त जातं. छप्पर गेलं की पाणी साठायला जागाच उरत नाही, झिरपेल ते बाहेर शोषलं जातं. तो तुकडा तपासायला पण पाठवतात. फक्त पूर्ण भूल लागते, एक-दोन दिवस ॲडमिट

अण्णाकाका: मग मला यातलं कुठलं?

ताई: बहुतेक कुठलंच नाही 🙂 दुखणं सिस्टमुळेच असेल, इन्फेक्शन झालं असेल, लघवीचा मार्ग दाबला जात असेल, तर हात लावतात. नुसते सेंमी बघून नाही

दादा: आणि कॅन्सरबिन्सर?

ताई: साधी असेल तर नाही. भिंत जाड, आत पडदे असं काही दिसलं तर सीटी करून बॉस्निअक ग्रेड देतात, म्हणजे कॅन्सरचा संशय किती ते, १९८६ पासूनची पद्धत आहे, ३ आणि ४ ची गोष्ट वेगळी, तिथे सुईने पाणी काढून अल्कोहोल सोडायचा विषयच नसतो. काका, तुमच्या रिपोर्टचा फोटो खालून कापला गेलाय, पूर्ण पाठवा

अण्णाकाका: घे. लोअर पोल, एक्झोफायटिक, थिन वॉल, नो सेप्टा, नो हायड्रोनेफ्रोसिस

ताई: मस्त. खालच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला, भिंत पातळ, आत पडदे नाहीत, मार्ग दाबलेला नाही. युरॉलॉजिस्टना दाखवा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ते न विसरता सांगा. ताप, थंडी किंवा लघवीत रक्त दिसलं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका

काकू: म्हणजे आज रात्री मी झोपू ना?

अण्णाकाका: ते सगळं ठीक, पण प्रोस्टेटचं काय लिहिलंय ते कोणी वाचलं का