अनुभव धागा : आपल्या ओट्यावर शिजलेलं पारशी ताट

पुण्यात कॅम्पात आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक पारशी आंटी राहतात. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासूनची, २२ वर्षांची ओळख. पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या नववर्षाला मी मोठ्या हौसेने धनसाक, म्हणजे डाळी, भाज्या आणि मटण एकत्र शिजवलेला त्यांचा पदार्थ, करून डबा नेला. आंटींनी तो घेतला, माझ्या गालाला हात लावून "बहु सरस, दीकरा" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चहाला बोलावून त्यांनी हळूच सांगितलं, की धनसाक सणाला करत नाहीत. घरात कोणी गेलं की तीन दिवस मटण वर्ज्य, आणि चौथ्या दिवशी ते धनसाकाने सुटतं. एरवी रविवारी दुपारी खुशाल करावं, पण शुभदिनी नाही. त्यांनी ते इतक्या मायेने सांगितलं, की मला लाज वाटण्याऐवजी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसावंसं वाटलं. पुढे बसलेही.

म्हणून हा धागा. तुम्ही घरी कोणते पारशी पदार्थ करता, कोणाकडून शिकलात, काय बिघडलं आणि आपल्या घरातली कोणती वस्तू तिथे कामाला आली, ते लिहा. सिंधी, गुजराती, बंगाली, कुठलेही शेजारचे पदार्थ चालतील. नुसती कृती नको, ती तुमच्या घरात कशी आली तेही हवं.

नाना पेठ

माझं बालपण अग्यारीजवळ, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिराजवळ गेलं. सर जमशेदजी जीजीभाईंच्या नावाची ती १८४४ सालची अग्यारी. आत जायची आम्हाला मुभा नव्हती, पण चंदनाचा वास गल्लीत यायचा. समोरच्या पारशी काकूंच्या घरी मी पत्रानी मच्छी पहिल्यांदा पाहिली. पाहिली म्हणते, कारण पानाची पुडी सोडतानाचा तो हिरवा वाफाळ वास खाण्याच्या आधीच पोट भरायचा.

आता मी ती वर्षातून चार-पाचदा करते. पापलेट मिळालं तर उत्तम, नाहीतर सुरमईचे जाड तुकडे. मीठ आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवायचे. चटणी आपलीच: ओलं खोबरं, भरपूर कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लसूण, जिरं, लिंबू. फक्त साखर आपल्या हाताला सवय असते त्याहून थोडी जास्त. चटणी कोरडीच वाटायची. पाणी पडलं की पानातून गळते आणि मासा नुसता उकडल्यासारखा लागतो.

केळीची पानं मंडईतून आणते. पान तसंच दुमडलं तर शिरेवर फाटतं. विस्तवावरून झरझर फिरवायचं, रंग गडद होऊन पान मऊ पडलं की कसंही वळतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी सगळ्या पुड्या फुटल्या आणि चटणी भांड्याच्या तळाशी जमली. तेव्हा आईला आठवलं, की पानगी करताना आजी पान शेकून घ्यायची.

आणि उकडायला मोदकपात्र. आमच्याकडे गणपतीच्या मोदकपात्रात मासा जाणं शक्यच नाही, म्हणून आईने तुळशीबागेतून दुसरं आणलं आणि झाकणावर लाल दोरा बांधला. आई आता नाही. दोरा मी तसाच ठेवलाय. तुकडे असतील तर १२ ते १५ मिनिटं पुरतात.

कोथरूड

आम्ही शाकाहारी, त्यामुळे धनसाक मटणाशिवाय. नाना पेठेच्या ताईंसारखंच माझंही भांडं सापडलं: पुरणयंत्र! तूरडाळ १ वाटी, मसूर अर्धी, मूग पाव, सोललेले वाल पाव. त्यात लाल भोपळा, एक लहान वांगं, दुधीचा तुकडा, मूठभर मेथी. सगळं एकत्र कुकरला मऊ करून पुरणयंत्रातून काढायचं. मिक्सरने ते चिकट होतं, पुरणयंत्रातून जाड, रवाळ येतं आणि तेच हवं असतं. मग कांदा, आलं-लसूण, धनसाक मसाला, चिंच.

एक कळकळीने सांगते, गोडा मसाला घालू नका. मी एकदा घातला. चव छान होती, पण ती आमटीच झाली. पानावरचे सगळे "आमटी छान झालीये" म्हणाले आणि माझी दुपारभराची मेहनत ओळखूच आली नाही.

सोबतच्या तपकिरी भाताला मी जास्त वेळा चुकले. तुपात दोन चमचे साखर वितळवून गडद तपकिरी करायची. काळी पडली की भात कडू, फिकी राहिली की नुसता गोडसर. मधला क्षण काही सेकंदांचाच असतो, त्यामुळे गरम पाणी हाताशी तयार हवं. ओतताना जोरात फसफसतं, जरा लांब उभं राहावं. लवंग, दालचिनी, वेलची आणि वर तळलेला कांदा. कचुंबर पाहिजेच, त्याशिवाय हे जेवण जड होतं.

कर्वेनगर

कोथरूडच्या ताई, गोड्या मसाल्याबद्दल माझं मत वेगळं आहे. त्यातलं दगडफूल आणि खोबरं धनसाकात खटकतं हे खरं. पण धने-जिरे-दालचिनीचा पाया दोन्हीकडे आहे. मसाला संपला असेल तर धने-जिरे पूड, दालचिनी, थोडी भाजलेली कसुरी मेथी इतकं पुरतं. आमच्याकडे असंच होतं.

बाणेर

मी एकटा राहतो, ऑफिसमधून यायला रात्रीचे दहा वाजतात. म्हणून अकुरी. कांदा, मिरची, टोमॅटो, कोथिंबीर, किंचित हळद आणि अंडी. आपली भुर्जी मोकळी होईपर्यंत परततात, अकुरी ओलसर असतानाच गॅस बंद करायचा, उरलेली तव्याच्या उष्णतेवर होते. उरलेल्या भेंडीच्या भाजीवर अंडी फोडून झाकण ठेवलं की भीडा पर ईडु. टोमॅटोच्या रश्शावर, बटाट्याच्या काचऱ्यांवरही असंच होतं. आईला हे फोनवर सांगितलं, तेव्हापासून गावाकडेही काचऱ्यांवर अंडी पडायला लागली.

पिंपरी

पारशी नाही, सिंधी चालेल ना? फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधी कुटुंबं वसली, माझी शाळेतली जिवलग मैत्रीण तिथलीच. तिच्या आईची साई भाजी म्हणजे पालक, आंबट चुका, हरभरा डाळ, बटाटा, वांगं, टोमॅटो एकत्र शिजवून रवीने घोटलेलं. पहिला घास घेतला आणि मला आमचं अळूचं फदफदं आठवलं. आमच्यात शेंगदाणे आणि गूळ, त्यांच्यात शेपूही. चुका मिळाला नाही तर करू नका, चिंचेने ती चव येत नाही.

शिवाजीनगर

वय ७१. बायको गेली त्यानंतर स्वयंपाक शिकलो. दोराबजी हे कॅम्पातलं १८७८ पासूनचं हॉटेल, तिथे आम्ही दोघं लग्नाच्या वाढदिवसाला जायचो. तिथून निघताना ती दरवेळी म्हणायची, हे घरी करून बघू. राहून गेलं. मी ते सल्ली बोटीपासून सुरू केलं, म्हणजे जर्दाळू घातलेलं मटण आणि वर बटाट्याची तळलेली सळी.

पहिल्यांदा मटण चिवट निघालं. घेताना मला पारख नव्हती. आता खांद्याचं मागतो, आलं-लसूण लावून रात्रभर ठेवतो. कांदा अगदी सावकाश, पाऊण तास परततो. मला घाई कसली. जर्दाळू वेगळे भिजवून बिया काढून शेवटच्या दहा मिनिटांतच घालायचे, आधी घातले तर विरघळून रस्सा मुरंब्यासारखा होतो. चमचाभर व्हिनेगर. बटाट्याची सळी ताटात वाढल्यावरच वर पसरायची, नाहीतर मऊ पडते. दोन ताटं करायची सवय अजून जात नाही, म्हणून दुसरं शेजारच्या मुलाला देतो. तो आता रविवारची वाट बघतो.

सॅलिसबरी पार्क

मी मराठी, सासर पारशी. धागा सुरू करणाऱ्या ताईंच्या आंटी अगदी बरोबर सांगत होत्या. आणखी एक: त्या दिवशी "पतेतीच्या शुभेच्छा" म्हणू नये. पतेती हा सरत्या वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या चुकांची क्षमा मागायचा. दुसऱ्या दिवशी नवरोज, तेव्हा "नवरोज मुबारक".

सणाच्या सकाळी आमच्याकडे दारात चुन्याचे ठसे उठवतात, तोरण लावतात, आणि नाश्त्याला रवो आणि सेव-दही (सेव म्हणजे गोड शेवया). रवो म्हणजे दुधातला शिरा म्हणा. सासूबाई त्यात अंडं घालतात, मी आईसारखा जायफळाचा हात सढळ ठेवते. पहिल्या वर्षी सासूबाईंनी चव घेऊन विचारलं, हा वास कसला? आता जायफळ त्यांच्याच डब्यात असतं.

दुपारी धान-दार आणि पातियो, म्हणजे कोळंबीचा आंबटगोड, तिखट रस्सा. दार म्हणजे हळद-मीठ घातलेलं तुरीचं साधं वरण, वर तुपात परतलेला लसूण. पांढरा भात. लग्न, वाढदिवस, नवजोत (आपल्या मुंजीसारखा विधी), सगळ्या चांगल्या दिवसांना हेच. माहेरी नैवेद्याच्या पानात वरणभात पहिला, इथेही सणाला वरणभातच, हे पाहून मी लग्नानंतर पहिल्यांदा इथे घरच्यासारखी जेवले.

कॅम्प (धागा सुरू करणारी)

सगळं दोनदा वाचलं. शिवाजीनगरच्या काकांचं वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

सॅलिसबरी पार्कच्या वहिनी, आंटी आता ८४ वर्षांच्या आहेत, ओट्याशी उभं राहवत नाही. यंदा नवरोजला त्यांच्याकडे धान-दार आणि पातियो मीच करून नेणार. अर्धा किलो कोळंबीला चिंच-गूळ किती?

सॅलिसबरी पार्क

लिंबाएवढी चिंच, तेवढाच गूळ. दोन कांदे, दोन टोमॅटो, दहा लसूण पाकळ्या, जिरं आणि लाल मिरच्या व्हिनेगरमध्ये वाटून. नवसारीचा उसाचा सिरका मिळाला तर तोच घ्या, आंटी वासावरून ओळखतील. आधी मसाला तेल सुटेपर्यंत शिजवा, कोळंबी शेवटी, पाच-सहा मिनिटंच. आणि वरण घट्ट ठेवा ताई, पातियो त्यावर बसला पाहिजे.