नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने ‘उत्पत्ती’ का वाचावे? : ख्रिस्ती विद्यापीठांतील सक्तीचे विषय

नदीकाठ:
अमेरिकेतील शिक्षणखर्चाच्या धाग्यावर ‘ताळेबंद’ यांनी काल लिहिले की, ख्रिस्ती विद्यापीठांतील सक्तीचे सामान्य विषय म्हणजे धर्मप्रसार आणि फीवसुली यांचे एकत्र थाटलेले दुकान आहे, आणि नर्सिंग किंवा संगणकशास्त्र शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी त्यात वेळ दवडू नये. टेक्ससमधील अशाच एका विद्यापीठात मी चार वर्षे काढली आणि आज मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. त्यामुळे ते वाक्य मला लागले, आणि त्याचे उत्तर चार ओळींत मावणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे यात लपवाछपवी नाही. वेको येथील बेलर विद्यापीठाचे उदाहरण घ्या. टेक्सस हे स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, 1845 साली, बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी ते स्थापन केले. तेथे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ख्रिस्ती धर्मग्रंथ आणि ख्रिस्ती परंपरा असे दोन अभ्यासक्रम घ्यावे लागतात. प्रत्येकी तीन, म्हणजे पदवीसाठी लागणाऱ्या साधारण 120 क्रेडिटांपैकी (श्रेयांकांपैकी) सहा. प्रवेश घेण्यापूर्वी हे कोणालाही वाचता येते. शिवाय सक्ती केवळ चर्चची असते असेही नाही. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत 42 क्रेडिटांचा सामाईक गाभा, म्हणजे सर्वांना समान असलेले सामान्य विषय, अनिवार्य आहे, आणि त्यातील सहा क्रेडिटे अमेरिकेच्या इतिहासाची व सहा शासनव्यवस्थेची असावीत, हे कायद्याने ठरवलेले आहे. त्या बारा क्रेडिटांविरुद्ध आपल्या मंडळींपैकी कोणी एक ओळही लिहिलेली मला आढळलेली नाही.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवाची आहे. मी सांगलीकडच्या वारकरी घरातली. पहिल्याच सत्रात प्राध्यापिकेने आम्हाला बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय दिले आणि काय निर्माण झाले याचा क्रम दोन रकान्यांत लिहायला सांगितले. पहिल्या अध्यायात वनस्पती, मग जलचर व पक्षी, मग पशू आणि शेवटी स्त्री-पुरुष एकत्र. दुसऱ्यात आधी पुरुष, मग बागेतील झाडे, मग पशू-पक्षी आणि शेवटी स्त्री. माझ्या शेजारी लहानपणापासून चर्चच्या रविवारच्या शाळेत गेलेली टेक्ससची मुलगी बसली होती. तिने दोन्ही रकाने तीनदा तपासले, कारण हा फरक तिला आजवर कधी दिसलाच नव्हता. माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात बाईंनी नऊ ठिकाणी एकच प्रश्न लिहिला होता: “हे मजकुरात कोठे आहे?” आज रात्रपाळीच्या नोंदी वाचताना, काय लिहिले आहे आणि मी काय गृहीत धरते आहे हे मी वेगळे करू शकते, ते त्या नऊ प्रश्नांमुळे. मला कोणी बाटवले नाही. मला वाचायला शिकवले.

चॅपलची, म्हणजे विद्यापीठातील सामूहिक प्रार्थनेची, सक्तीची हजेरी मात्र मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. दाराशी ओळखपत्र सरकवून प्रार्थना मोजता येत नाही.

ताळेबंद:
आपला निबंध प्रामाणिक आहे, परंतु तो एका चांगल्या प्राध्यापिकेविषयी आहे, धोरणाविषयी नाही. मजकूर नीट वाचायला शिकवण्यासाठी बायबलच कशाला हवे? रुग्णाच्या नोंदींवरूनही ते शिकवता येते.

आता माझा अनुभव ऐका. माझी मुलगी चर्चशी संलग्न असलेल्या एका विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी गेली. दुसऱ्या वर्षानंतर खर्च झेपेना, म्हणून तिने सरकारी विद्यापीठात बदली घेतली. तेथे धर्माच्या तीन अभ्यासक्रमांची नऊ क्रेडिटे ‘ऐच्छिक’ म्हणून नोंदवली गेली आणि पदवीच्या एकाही अटीत ती बसली नाहीत. त्या नऊ क्रेडिटांसाठी काढलेले कर्ज आम्ही अजून फेडत आहोत. प्रवेशाच्या वेळी समुपदेशकाने आम्हाला चकचकीत पुस्तिका दिली. ही शक्यता सांगितली नाही. ‘प्रवेशापूर्वी वाचता येते’ असे म्हणणे सोपे आहे. सोलापूरहून आलेल्या बापाला दोनशे पानांच्या नियमावलीतील कोणते वाक्य महाग पडणार आहे, हे कसे कळावे?

उत्तरायण:
‘धर्मप्रसाराचे दुकान’ हे शब्द मी येथे प्रथमच वाचत नाही. आमचे घर नगरचे आणि चार पिढ्यांचे ख्रिस्ती. माझ्या आजीच्या उशाशी जे पुस्तक होते त्याला आपण विक्रीचा माल म्हणता, तेव्हा आपला राग फीवर आहे की आमच्यावर आहे, हे मला समजत नाही.

एवढे सांगून मी सक्तीच्याच विरोधात उभी राहते, आणि माझे कारण ‘ताळेबंद’ यांच्या कारणाच्या अगदी उलट आहे. माझ्या धाकट्या भावाने मिडवेस्टमधील एका ख्रिस्ती महाविद्यालयात बायबलच्या नव्या कराराचा सक्तीचा अभ्यासक्रम घेतला. त्यातील प्रेषित पौलाच्या पत्रांचा कालक्रम चुकल्याने त्याला ‘सी’ मिळाला. ज्याने चौथ्या वर्षापासून स्तोत्रे पाठ म्हटली, त्याला आपल्या श्रद्धेचा गुणक्रम कागदावर पाहावा लागला, आणि वसतिगृहातील ज्या मुलांनी जुन्या प्रश्नपत्रिका घोकल्या त्यांना ‘ए’ मिळाला. ज्या ग्रंथासमोर मनुष्याने मोकळेपणाने यावे, त्याच्या दाराशी मध्यसत्र परीक्षा ठेवणे मला ग्रंथाचा अवमान वाटते.

आपल्या संविधानाने हे ओळखले आहे. अनुच्छेद 28 नुसार सरकारी मान्यता वा अनुदान असलेल्या संस्थेतही विद्यार्थ्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या, संमतीविना धार्मिक शिक्षणाला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. अमेरिकेत लष्करी अकादमींमधील सक्तीची प्रार्थना न्यायालयाने 1972 साली बंद केली, पण त्यांची घटना सरकारला बांधते, खासगी विद्यापीठाला नाही. हार्वर्डने तर 1886 सालीच चॅपल ऐच्छिक केले.

काळा_फळा:
मी महाराष्ट्रातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, आणि आपण सर्व जण सातासमुद्रापारच्या सहा क्रेडिटांवर भांडत असताना मला राहवत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आमच्याकडेही भारतीय ज्ञानप्रणाली आणि मूल्यशिक्षण यांचे श्रेयांक अनिवार्य झाले आहेत. कार्यभार कमी पडतो म्हणून तो तास माझ्या गळ्यात आला. मी त्या विषयाचे एकही पुस्तक शिस्तीने वाचलेले नाही. मी चलचित्रफिती लावतो आणि मुले हजेरी लावतात. बेलरमध्ये धर्माचा अभ्यासक्रम निदान धर्मशास्त्र शिकलेला मनुष्य शिकवतो. सक्तीपेक्षा सक्तीने शिकवायला लावलेला शिक्षक अधिक घातक असतो, हे मी रोज भोगतो आहे.

‘नदीकाठ’ यांना एक प्रश्न. चारित्र्य घडवणारा म्हणून सांगितला जाणारा सक्तीच्या विषयांचा हा गाभा इतका मोलाचा असेल, तर त्यातील गणित, इतिहास, इंग्रजी निबंध हे सारे अकरावी-बारावीतच कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांच्या स्वस्त स्थानिक महाविद्यालयातून) उरकून आलेल्या मुलाची क्रेडिटे हीच विद्यापीठे स्वीकारतात कशी? सोळाव्या वर्षी स्वस्तात उरकता येणारी गोष्ट घडणीचा पाया असते काय?

नदीकाठ:
प्रश्न वर्मी लागला, हे मान्य करते. विद्यापीठे येथे दुबळी पडतात, कारण ही क्रेडिटे नाकारली तर विद्यार्थी दुसरीकडे जातो. पण त्यांना दुबळे कोणी केले? ह्यूस्टन-डॅलसच्या आपल्या घरांत मी पाहते: मुलगा नववीत गेला की आई-वडील तक्ता करतात, शासनव्यवस्था उन्हाळ्यात, इतिहास हिवाळ्यात, पदवी तीन वर्षांत. त्या मुलाने इतिहास शिकलेला नसतो, निकालात काढलेला असतो. या घाईला आपण हुशारी म्हणतो आणि मग मुलांना शिक्षणात अर्थ सापडत नाही म्हणून खंत करतो.

ताळेबंद:
तो तक्ता माझ्या घरातील फ्रिजवर होता. मुलीच्या धाकट्या भावासाठी मी तो स्वतः आखला, कारण मोठीच्या वेळी काय झाले ते मी वर लिहिले आहे. आपण ज्याला घाई म्हणता, ती माझी दर महिन्याच्या एक तारखेची धास्ती आहे. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाने कर्जावर शिकणाऱ्याला सावकाश चालण्याचा उपदेश करू नये.

नदीकाठ:
मला अर्धीच शिष्यवृत्ती होती. उरलेल्या रकमेसाठी मी चार वर्षे ग्रंथालयात रात्री पुस्तके लावली. माझ्यावर हेत्वारोप करू नका.

उत्तरायण:
दोघांनीही थांबावे. ‘ताळेबंद’, आपण मला अजून उत्तर दिलेले नाही.

ताळेबंद:
उत्तर देतो. ‘दुकान’ हा शब्द मी फीसाठी वापरला, परंतु तो आपल्या आजीच्या पुस्तकावर जाऊन पडला हे खरे आहे. मी तो मागे घेतो. फीवसुली हा शब्द मात्र मागे घेणार नाही.

‘नदीकाठ’ यांच्या दोन रकान्यांचा प्रसंग मी काल मुलीला वाचून दाखवला. तिच्या वर्गातही असाच काही पाठ झाला होता आणि तिला तो आवडला होता, हे ती मला तीन वर्षांनी प्रथमच बोलली. अभ्यासक्रम वाईट होता असे माझे म्हणणे यापुढे राहणार नाही. पण बदली घेतल्यास कोणती क्रेडिटे वाया जाऊ शकतात, हे प्रवेशपत्राच्या पहिल्या पानावर लिहिलेले नसेल, तर चांगला अभ्यासक्रमसुद्धा मी फसवणुकीत धरीन.

नदीकाठ:
पहिल्या पानाची आपली मागणी मला पूर्ण मान्य आहे. ‘घाई’ हा शब्द मी आपल्या घरासाठी वापरायला नको होता. तो मागे घेते. सहा क्रेडिटांविषयी माझे मत तेच आहे. आणि ‘उत्तरायण’, आपल्या भावाच्या ‘सी’बद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

उत्तरायण:
त्याच्याकडेही नव्हते. पुढच्या सत्रात मात्र त्याने जुन्या कराराचा अभ्यासक्रम स्वतःहून घेतला, सक्ती नसताना, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे.