विषय: रीः रीः शाळा समितीत मुलांना मत? (उद्या रात्रीपर्यंत उत्तर हवं)

मृणाल (शाळा समन्वयक):
नमस्कार मंडळी,
रविवारच्या बैठकीचा अजेंडा पाठवायचाय आणि आपण अजून संस्थेच्या घटनेतल्या 'मतदार सभासद 18 वर्षांवरील' या ओळीवरच अडकलोय. आपल्या मराठी शाळेच्या समितीत मोठ्या वर्गातले दोन विद्यार्थी घ्यायचे, हे मागेच ठरलं. मत द्यायचं की नुसतं बसवायचं, एवढंच राहिलंय. माझं म्हणणं, मत द्या. अभ्यासक्रम, वेळ आणि परीक्षा यांपुरतं.

सुहास (खजिनदार):
मुलांना घ्यायला माझी ना नाही. पण आपली नोंदणीकृत संस्था आहे. अल्पवयीन मुलाच्या मताने ठराव झाला आणि कोणी हरकत घेतली, तर निस्तरणार कोण? घटनादुरुस्तीला सर्वसाधारण सभा लागते, ती आता पाडव्यालाच. शिवाय हॉलचं भाडं, विमा, देणग्या यांचे कागद मी दहावीतल्या मुलासमोर ठेवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

प्रसाद:
सुहास, हिशेब कोणी मागितलेत? इथे अमेरिकेत, मेरीलँड राज्यातल्या आपल्याच मॉन्टगोमेरी काउंटीच्या शिक्षण मंडळावर एक विद्यार्थी सदस्य असतो. सहावी ते बारावीची मुलं त्याला दरवर्षी निवडून देतात, आणि 2016 च्या कायद्याने त्याला अंदाजपत्रकावरही मत मिळालं. कर्मचाऱ्यांवरच्या कारवाईसारखे विषय तेवढे वगळलेत. हॉवर्ड काउंटीत यावरून खटला झाला, तेव्हा 2022 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी सदस्याचं मत वैध धरलं. टाकोमा पार्कमध्ये तर 2013 पासून शहराच्या निवडणुकीत सोळाव्या वर्षी मत देता येतं. राहिली आपली घटना. 18 वर्षांची अट सर्वसाधारण सभेच्या कलमात आहे. शाळा समिती कार्यकारिणी नेमते, तिथे वयाची अट लिहिलेलीच नाही.

शुभदाकाकू (ग्रंथालय):
प्रसाद, हे सगळं इथलंच आहे असं समजू नकोस. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या आल्या, त्यात 75 टक्के पालक. महाराष्ट्रात तर विद्यार्थ्यांनाही बसवतात. माझी धाकटी बहीण सातारा जिल्ह्यात मुख्याध्यापिका होती. तिच्या समितीत सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, म्हणून आम्ही शाळेत पाणीच पीत नाही. पालक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याच आठवड्यात कडी बसली. त्याला मतदान लागलं नाही. मुलांना बोलू द्या, मत कशाला? आणि शाळेची वेळ बदलायची असेल तर आधी मला विचारा. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

वरद (मोठा वर्ग, बाबांच्या ईमेलवरून):
काकू, तिथे कडी बसली. आम्ही गेल्या वर्षी चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या, त्यांचं काहीच झालं नाही. फॉर्म आला तोही पालकांना. सगळ्यांनी साधारण एकच लिहिलं होतं. विभक्ती-प्रत्ययांच्या वर्कशीट कमी करा आणि एक तास नुसतं बोलायला द्या. मला प्रत्यय पाठ आहेत, पण आजीचा फोन आला की 'बरी आहेस ना, जेवलीस का' याच्या पुढे मला जाता येत नाही. मग मी फोन आईकडे देतो. आम्हाला मत असतं तर निदान 'नाही' तरी मोजलं गेलं असतं. अजून एक, बैठक रविवारी रात्री नऊला असते. सोमवारी आम्हाला शाळा आहे.

सुहास:
वेळेचं वरद बरोबर बोलतोय, बैठक दुपारीच ठेवा. प्रसादने लावलाय तो अर्थ बरोबर की नाही, हे कार्यकारिणी ठरवेल. तोपर्यंत मत तीन विषयांपुरतं आणि पैशाचा विषय निघाला की मुलं बाहेर, हे लेखी द्या. मग मी अडवणार नाही.

शुभदाकाकू:
वरद, कुठल्या चिठ्ठ्या? माझ्यापर्यंत आल्याच नाहीत. आणि दुपारी म्हणजे किती वाजता? दोनपर्यंत पुस्तकांची देवघेव चालते, त्याआधी मी उठणार नाही.

मृणाल:
चिठ्ठ्या माझ्या फाईलमध्ये आहेत. सगळ्या स्कॅन करून अजेंड्याला जोडते, पहिला विषय तोच. बैठक सव्वादोनला, ग्रंथालयाच्याच खोलीत. सुहासची अट ठरावात घालते. कार्यकारिणीने शनिवारपर्यंत कलमाचं कळवावं, नाही कळवलं तर मतदान प्रसादच्या अर्थाने होईल. वरद, दुसरा प्रतिनिधी मोठ्या वर्गाने स्वतः निवडायचा. आम्ही नाव सुचवणार नाही.