सुईचा रिपोर्ट वेगळा, ऑपरेशननंतरचा वेगळा

वडिलांच्या कानाखालच्या गाठीला सुईच्या तपासणीत एक नाव मिळालं आणि ऑपरेशननंतर भलतंच, मग लॅब चुकली का, असं तुम्ही विचारलंय. चुकलीच असेल असं नाही. मी पॅथॉलॉजीत आहे, रोज स्लाइडी बघते, म्हणून थोडी भर.

कानाखाली लाळग्रंथी असते, तिथली ही गाठ. सुईतून येतात त्या सुट्या पेशी. लाळग्रंथीच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये त्या दिसायला अगदी गरीब गाय असतात. गाठ आजूबाजूला घुसलीय का यावर निदान ठरतं आणि ते सुईत दिसतच नाही.

तुमच्या ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमधला सिक्रेटरी कार्सिनोमा (लाळग्रंथीच्या कॅन्सरचा एक प्रकार) तर २०१० मध्ये चेक पॅथॉलॉजिस्ट अलेना स्कालोव्हा आणि सहकाऱ्यांनी वेगळा ओळखला. त्याआधी अशा बऱ्याच गाठी असायनिक सेल कार्सिनोमा या लाळग्रंथीच्या दुसऱ्या कॅन्सरच्या नावाने खपून जायच्या. असायनिकच्या पेशींत जांभळट दाणे असतात, इथे ते नसतात. पेशी गुलाबी, फेसाळ, आणि मधल्या पोकळ्यांत बुडबुड्यांचा स्राव. पेशींतली प्रथिनं रंगवून बघतात, त्यात एस-१०० आणि मॅमाग्लोबिन पॉझिटिव्ह, डॉग-१ बहुधा निगेटिव्ह. तरी शंका उरली तर ईटीव्ही६ जनुकाची चाचणी करतात. ते एनटीआरके३ या दुसऱ्या जनुकाशी जोडलं गेलेलं सापडलं आणि पुढे कधी आजार पसरलाच, तर लॅरोट्रेक्टिनिबसारखं नेमकं औषध असतं, त्यामुळे हा नुसता नावाचा घोळ नाही.

दुसरं मत घ्याच, पण रिपोर्टची झेरॉक्स घेऊन जाऊ नका. स्लाइडी आणि मेणाचे ब्लॉक (गाठीचे तुकडे मेणात बसवलेले असतात ते) मागून घ्या. आणि ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका हो, मेण वितळतं!