बागेतल्या बारीक माश्या फोटोवरून कशा ओळखायच्या? सल्ला हवाय

कुंडीतली_माती:
मंडळी, सध्या झाडांना पाणी घालताना माझं निम्मं लक्ष माश्यांकडेच असतं. पक्षी, फुलपाखरं ओळखायला मदत करणारे भरपूर लोक भेटतात पण पानावर बसलेली चार-पाच मिलिमीटरची माशी दाखवली की सगळे "माशी आहे" एवढंच म्हणतात. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या चार आहेत. एक सोनेरी हिरवी, धातूसारखी चमकणारी, लांब पायांवर उंच उभी राहते आणि मी जरा हलले की पलीकडच्या पानावर. दुसरी काळ्यापिवळ्या पट्ट्यांची, फुलासमोर हवेत एका जागी थांबते, मधमाशी म्हणावं तर तशी वाटत नाही. तिसरी म्हणजे कुंडीच्या मातीवर पळणारी काळी चिलटं. चौथी करडी, घरमाशीसारखीच पण कुठेतरी वेगळी. फोनला लावायची मॅक्रो लेन्स आहे. नाव सांगणाऱ्या अ‍ॅपवर एकाच माशीचे दोन फोटो टाकले तर दोन वेगळी नावं येतात. तर फोटो कसे काढू, कुठे विचारू, आणि नुसत्या फोटोवरून कुठपर्यंत ओळख पटू शकते?

शिरा_बघणारा:
फार आवडीचा विषय काढलात. आधी ती माशीच आहे ना ते बघा. माशीला पंखांची एकच जोडी असते, मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेले दोन बारीक दांडे असतात, बाजूने काढलेल्या चांगल्या फोटोत ते दिसतात. मधमाशीला चार पंख आणि लांब, कोपरात वाकलेल्या मिशा, तर तुमच्या काळ्यापिवळीच्या मिशा बहुतेक आखूड असतील आणि डोळ्यांनीच निम्मं डोकं व्यापलेलं असेल. ती सिरफिड माशी, म्हणजे हॉवरफ्लाय. खात्री करायची असेल तर पंख झूम करा, मधोमध एक पुसट रेघ दिसेल जी शिरेसारखी दिसते पण दोन्ही टोकांना कशालाच जोडलेली नसते. ही खोटी शीर जवळजवळ सगळ्या सिरफिडांना असते आणि ती एकदा दिसली की मला तरी दुसरं काही बघावं लागत नाही. हिला मारू नका, हिच्यातल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) खातात.

हिरवी चमकणारी बहुतेक डोलिकोपोडिडी कुळातली, लांब पायांची माशी, बारीक मऊ किडे पकडून खाते. पानावर अशी ताठ उंच उभी राहणं हीच तिची मोठी खूण. रंगावर मात्र कधीच विसंबू नका, धातूचा रंग फ्लॅशमध्ये एक दिसतो आणि सावलीत दुसरा, त्यामुळे हिरवी का निळी का तांबूस यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता महत्त्वाचं. माशीचा सगळ्यात सुंदर फोटो ओळखायला बरेचदा निरुपयोगी असतो. डोळे एकदम शार्प, मागे सगळं धूसर आणि पंख पाठीवर मिटलेले, असा फोटो घेऊन जाणकारही काही करू शकत नाही. पंखावरच्या शिरा, मिशा, पाठीवरचे केस आणि पायांचा रंग, हे दिसलं पाहिजे. म्हणून एकाच माशीचे वरून, बाजूने आणि समोरून असे फोटो काढा, आणि ते एकत्र टाका.

पहाटेचा_मॅक्रो:
+१. फोनवाल्यांसाठी थोडं. सकाळी लवकर जा, अंगात ऊब आलेली नसते तेव्हा माश्या सुस्त असतात आणि लेन्स अगदी जवळ नेता येते. सावली माशीवर पडू देऊ नका, सावली पडली की उडालीच. आधी लांबून एक फोटो काढून ठेवा आणि मग हळूहळू जवळ सरका, बर्स्ट मोड लावा, थांबतच नसेल तर व्हिडिओ काढून त्यातली फ्रेम घ्या. माशी उडून गेल्यावर त्याच पानावर पट्टी ठेवून तेवढ्याच अंतरावरून एक फोटो काढा म्हणजे आकाराचा अंदाज येतो. खिडकीच्या काचेवर बसलेली माशी मिळाली तर सोडू नका, उजेड मागून येतो आणि पंखातली शीर न शीर दिसते.

ओली_कुंडी:
कुंडीतल्या चिलटांबद्दल सांगते. मातीवर दोन प्रकारची सापडतात आणि लोक दोन्हींना एकच समजतात. फंगस नॅट सडपातळ, लांब पायांची, मिशा लांब आणि मण्यामण्यांच्या, पंखाच्या मध्यावर वाय आकाराची फाटा फुटलेली शीर. दुसरी शोअर फ्लाय, ही जरा जाडजूड, मिशा अगदी आखूड आणि करड्या पंखांवर फिकट ठिपके, ही शेवाळावर जगते. पिवळा चिकट सापळा लावा, पंख पसरून चिकटलेलं एखादं चिलट मिळालं की मॅक्रोने निवांत फोटो काढता येतो. फंगस नॅट निघाली तर वरची माती दोन पाण्यांच्या मध्ये नीट वाळू द्या, अळ्या ओल्या मातीतच वाढतात आणि कोवळी मुळंही कुरतडतात. आणि पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी, ती माशी दिसायला काळीपिवळी आणि जेमतेम दोन मिलिमीटरची, पण तिथे माशीपेक्षा पानाचा फोटो जास्त कामाचा, झाडाच्या नावासकट.

शिरा_बघणारा:
कुठे विचारायचं ते राहिलं. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची साइट) टाका, ठिकाण आणि तारीख नक्की भरा, आणि माहीत नसेल तर नुसतं 'डिप्टेरा' (सगळ्या माश्यांच्या गटाचं शास्त्रीय नाव) लिहून सोडा, अंदाजाने जातीचं नाव टाकू नका. डिप्टेरा डॉट इन्फोवर माश्यांवरच काम करणारी मंडळी आहेत, तिथे पंखाचा स्पष्ट फोटो असला तर चांगली उत्तरं मिळतात. बगगाइड ही किडे ओळखायची साइट अमेरिका आणि कॅनडापुरती आहे, तिथलं नाव दुसरीकडच्या माशीला तसंच चिकटवू नका. कुठपर्यंत ओळख पटते म्हणाल तर कूळ बहुतेक वेळा, प्रजाती (जीनस) पुष्कळदा, जात (स्पीशीज) मात्र मोजक्याच माश्यांची. एकट्या सिरफिडांच्याच जगात 6,000 च्या आसपास जाती आहेत. फ्लेश फ्लाय, म्हणजे पाठीवर तीन काळे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेली, तिची जात ठरवायला नराचे जननअवयव सूक्ष्मदर्शकाखालीच बघावे लागतात.

कुंडीतली_माती:
सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच खूप शिकायला मिळालं. ती करडी आज काचेवरच मिळाली, पंख मस्त आलाय. पाठीवर पट्टे आहेत पण पुसट, मला तीन वाटतात, पोटावर चौकोन नाहीत. घरमाशीच ना?

शिरा_बघणारा:
पंखाच्या टोकाकडे बघा. घरमाशीत मधली शीर टोकाजवळ एकदम वर वळते आणि वरच्या शिरेच्या जवळ जाते, शिवाय पाठीवर पट्टे चार. तुमच्या फोटोत ती शीर सरळ कडेपर्यंत गेलीय आणि माशी लहानही आहे, त्यामुळे मला फॅनिया वाटतेय, लहान घरमाशी म्हणतात ती. हिचे नर खोलीच्या मध्यभागी दिव्याखाली कोनाकोनात वळत घिरट्या घालतात, तसं काही दिसलं का? समोरून एक फोटो काढा, दोन डोळ्यांमध्ये किती जागा आहे ते दिसलं की नर का मादी तेही सांगता येईल.