साइन्झला सोडून हॅमिल्टनला आणणं ही फेरारीची घोडचूक

मोन्झाकर:

अबू धाबीत ७ डिसेंबरला फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचा २०२५ चा मोसम संपला. नॉरिस ४२३ गुणांवर विश्वविजेता, व्हर्स्टॅपन दोन गुणांनी हुकला, पियास्ट्री ४१० वर. या चुरशीत लाल गाडी कुठेच नव्हती. फेरारी संघांच्या तक्त्यात चौथी आणि अख्ख्या वर्षात एकही ग्रांप्री जिंकलेली नाही. फेरारीचा लेक्लेर सात वेळा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, गेला; साइन्झच्या जागी मर्सिडीजमधून आणलेला हॅमिल्टन एकदाही नाही. २००७ मध्ये आल्यापासून असा मोसम त्याच्या वाट्याला कधीच आला नव्हता.

सगळीकडे एकच चर्चा: हॅमिल्टन संपला का? मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. मला जाब विचारायचाय तो फेरारीला. चांगली बसलेली घडी का विस्कटलीत?

२०२४ आठवा. लेक्लेरचे ३५६ गुण, साइन्झचे २९० आणि जेद्दाला साइन्झचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा ऐनवेळी गाडीत बसलेल्या बेअरमनचे ६. एकूण ६५२. मॅक्लारेनचे ६६६. म्हणजे २००८ नंतरचं पहिलं संघ-विजेतेपद चौदा गुणांनी हातचं गेलं. ऑपरेशनला जेमतेम दोन आठवडे होतात न होतात तोच साइन्झने मेलबर्न जिंकलं, पुढे मेक्सिकोही जिंकलं. आणि ही सीट पुढच्या वर्षी आपली नाही हे माहीत असताना जिंकलं, कारण हॅमिल्टनची घोषणा १ फेब्रुवारी २०२४ लाच, पहिली शर्यत व्हायच्या आधी, झाली होती.

साइन्झ गाडी चालवता चालवता शर्यतीचं गणित मांडतो. सिंगापूर २०२३ ची शेवटची काही मिनिटं ज्यांनी पाहिली असतील त्यांना वेगळं सांगायला नको. मागून दोन्ही मर्सिडीज ताज्या टायरवर झेपावत होत्या, मध्ये नॉरिस. साइन्झने पळून जायचं सोडून वेग आवरला आणि नॉरिसला मुद्दाम एका सेकंदाच्या आत ठेवलं, म्हणजे त्याला डीआरएस (मागचा पंख उघडून वेग वाढवायची मुभा) मिळत राहील आणि तोच मर्सिडीजला थोपवून धरेल. त्या वर्षी रेड बुलच्या हातून निसटलेली ती एकमेव शर्यत. असा माणूस फेरारीने विल्यम्सला जाऊ दिला, आणि त्याने तिथे बाकूत आणि कतारमध्ये पोडियम काढून दाखवली.

हॅमिल्टनला आणलं ते त्याच्या नावासाठी. घोषणा झाली त्या दिवशी कंपनीचा शेअर वधारला. शर्यतीच्या हिशेबात या बदलाची गरज नव्हती, असं माझं ठाम मत आहे.

चव्वेचाळीस:

असहमत, शंभर टक्के.

साइन्झचं कौतुक मान्य. पण तुम्ही त्याचे दोन पोडियम सांगितलेत, वर्षाचे गुण सांगितले नाहीत. साइन्झ ६४, त्याच संघातला अल्बन ७३. बाकू सप्टेंबरमध्ये झालं. त्याआधी कित्येक महिने अल्बन पुढे आणि साइन्झ चाचपडतोय असंच चित्र होतं. ड्रायव्हरने संघ बदलला की गाडी अंगवळणी पडायला वेळ लागतो, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमचाच माणूस आहे. त्याला तो वेळ तुम्ही मोकळ्या मनाने देता, मग हॅमिल्टनला का नाही?

दुसरं, गाडी. २२ मार्चला शांघायमध्ये हॅमिल्टनने स्प्रिंट, म्हणजे शनिवारची छोटी शर्यत, पोलवरून (सगळ्यात पुढच्या जागेवरून) सुरू करून जिंकली. लाल गाडीतला त्याचा फक्त दुसरा आठवडा. दुसऱ्या दिवशी मुख्य शर्यतीनंतर तपासणीत गाडीखालची फळी झिजलेली निघाली. नियमाने ती ९ मिलिमीटर हवी, भरली ८.६ आणि ८.५. शर्यतीतून बाद. त्याच दिवशी लेक्लेरची गाडी इंधन काढल्यावर ७९९ किलो भरली, हवी होती ८००. तोही बाद. आता विचार करा. ही गाडी जमिनीला घासेल इतकी खाली ठेवली तरच पळायची, आणि तशी ठेवली तर फळी झिजायची. मग वर्षभर गाडी वर उचलून, सरळ रस्त्याच्या शेवटी पाय उचलत चालवायची. त्यात एप्रिलच्या अखेरीस फेरारीने या गाडीच्या एअरोडायनॅमिक्सवरचं काम थांबवून सगळी माणसं २०२६ कडे वळवली, हे खुद्द संघप्रमुख वॅसरने सांगितलंय. या परिस्थितीत साइन्झने काय दिवे लावले असते?

जुना टिफोसी:

चव्वेचाळीस, गाडी वाईट होती हे कुणीच नाकारत नाही. पण तीच गाडी लेक्लेरकडेही होती. त्याचे २४२, हॅमिल्टनचे १५६.

मी फेरारी बघतो ते शूमाकर यायच्या आधीपासून. १९९६ ची फेरारी आठवा. सतत बंद पडायची, धड वळायची नाही. बेनेटनकडून सलग दोन विजेतेपदं घेऊन आलेल्या शूमाकरने त्या गाडीत पहिल्याच वर्षी तीन शर्यती जिंकल्या. त्यातली बार्सिलोनाची, धो धो पावसातली, आजही अंगावर काटा आणते. तो ५९ गुणांवर, त्याचा जोडीदार अर्व्हाइन ११ वर. वाईट गाडीत मोठा ड्रायव्हर असा उठून दिसतो. पुढे २००० साली विजेतेपद आलं, १९७९ च्या शेक्टरनंतरचं पहिलं. त्याची चाहूल मात्र पहिल्याच वर्षी लागली होती.

अलोन्सोने २०१० मध्ये फेरारीकडून पहिलीच शर्यत जिंकली, व्हेटेलने २०१५ मध्ये दुसरी. दोघांनाही शेवटी विजेतेपद मिळालं नाही, अलोन्सोचं २०१२ चं तर तीन गुणांनी गेलं. तरी दोघेही आल्याआल्या गाडीच्या पुढे होते. हॅमिल्टन लास व्हेगास, कतार, अबू धाबी अशा सलग तीन ठिकाणी पात्रतेच्या पहिल्याच फेरीत बाद झाला. हे मी आनंदाने लिहीत नाहीये. व्हेगासची पात्रता फेरी आपल्याकडे शनिवारी सकाळी होती, मी मुद्दाम कामं बाजूला ठेवून बसलो होतो, आणि हॅमिल्टनचा ४४ नंबर सगळ्यात खाली दिसला तेव्हा फार वाईट वाटलं.

ब्रेकपॉइंट:

गुणांवरून भांडण्याआधी ब्रेककडे बघू या. माझ्या मते निम्मं उत्तर तिथे आहे.

हॅमिल्टनची जुनी ताकद काय? वळणाच्या अगदी तोंडाशी येऊन जोरात ब्रेक मारायचा, गाडीचं नाक खाली दाबलं गेलं की तेवढ्या क्षणात मागचा भाग फिरवून घ्यायचा. २०२२ ते २०२५ च्या गाड्या नेमकं हेच करू देत नाहीत. तळाखालून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर त्या रस्त्याला चिकटतात, म्हणून सस्पेन्शन कडक, गाडी खाली, नाक फारसं दबतच नाही. त्यामुळे ही घसरण फेरारीत सुरू झालेली नाही. २०२४ मध्ये मर्सिडीजमध्येच पात्रता फेऱ्यांत जोडीदार रसेल त्याच्या बराच पुढे असायचा.

फेरारीत आल्यावर त्यात भर पडली. ब्रेकची कंपनी बदलली. शिवाय फेरारीचे ड्रायव्हर मागची चाकं आवरायला इंजिन ब्रेकिंगचा, म्हणजे इंजिनाच्याच रेट्याने वेग आवरण्याचा, भरपूर वापर करतात. आपण आधी हे कधी वापरलंच नव्हतं, असं हॅमिल्टनने स्वतः सांगितलं. वर्षानुवर्षं एकच स्कूटर चालवलेल्या माणसाला दुसऱ्याची दिली की पहिल्या सिग्नलला ब्रेक कमी तरी लागतो नाहीतर जास्त तरी. इथे तेच ताशी तीनशेच्या वेगाने. पायाला अंदाज यायलाच हवा, आणि तो वळणाआधीच्या शंभर मीटरच्या पाटीजवळ विचार करून येत नाही.

म्हणून शूमाकरशी केलेली तुलना मला पटत नाही. शूमाकरच्या मागोमाग बेनेटनमधून तंत्रप्रमुख रॉस ब्रॉन आणि डिझायनर रोरी बर्न आले. हॅमिल्टनचा बारा वर्षांचा इंजिनिअर बोनिंग्टन मर्सिडीजमध्येच राहिला. फेरारीत त्याला मिळालेल्या इंजिनिअर अडामीने आधी व्हेटेल आणि साइन्झबरोबर काम केलं होतं, हॅमिल्टनच्या बोलण्याची त्याला सवय नव्हती. मायामीत दोघांमध्ये रेडिओवर किती अवघडलेपण होतं ते सगळ्यांनी ऐकलं.

मोन्झाकर:

ब्रेकपॉइंट, उत्तम प्रतिसाद. पण तुम्ही नकळत माझीच बाजू मांडलीत. अडामी साइन्झचा इंजिनिअर होता. ब्रेक साइन्झच्या सवयीचे होते. इंजिन ब्रेकिंग साइन्झला पाठ होतं. चार मोसमांत जमलेलं हे सगळं फेरारीच्या हातात होतं, आणि चाळिशीतल्या ड्रायव्हरसाठी पहिल्यापासून सुरुवात करायची त्यांनी ठरवलं. हॅमिल्टन रसेलच्या मागे पडतोय ते पुढे दिसलंच, पण ही गाडी त्याच्या चालीला मानवत नाही हे २०२२ आणि २०२३ मध्येही दिसत होतं. करार केला तेव्हा ही माहिती समोर होती.

चव्वेचाळीस, साइन्झ चाचपडला हे खरं. पण तो उत्तरार्धात वर चढला. हॅमिल्टन उत्तरार्धात खाली गेला. दोघांच्या आलेखाची दिशा उलट आहे, माझा मुद्दा तेवढाच.

पावसातली लॅप:

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

हंगेरी आठवतंय ना? तिथे हॅमिल्टनने आठ वेळा जिंकलंय, दुसऱ्या कुणाचंही तिथे इतकं राज्य नाही. २ ऑगस्टला लेक्लेर पोलवर आणि हा बारावा. बाहेर येऊन म्हणाला की मी अगदी निरुपयोगी आहे, संघाने ड्रायव्हर बदलायला हवा. सात वेळचा विश्वविजेता स्वतःबद्दल हे जाहीर बोलतो तेव्हा त्याच्या पाठीशी संघाने उभं राहायचं असतं. वॅसर उभा राहिला, त्याला मानलं पाहिजे. पण नोव्हेंबरमध्ये ब्राझीलला दोन्ही गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत, आणि कंपनीचे अध्यक्ष एल्कान यांनी जाहीर सांगितलं की ड्रायव्हरांनी गाडी चालवण्याकडे लक्ष द्यावं, बोलणं कमी करावं.

ज्या माणसाने वर्षाच्या मध्यावर गाडीत आणि कामाच्या पद्धतीत काय बदलायला हवं याची टिपणं लिहून संघाला दिली, त्याला हे ऐकवायचं? फेरारीचा तेव्हाचा ड्रायव्हर प्रॉस्टने १९९१ मध्ये गाडीला ट्रक म्हटलं तर मोसम संपायच्या आत त्याला काढून टाकलं होतं. चौतीस वर्षांनी या संघाची ड्रायव्हरचं ऐकण्याची तयारी तेवढीच आहे. इथे साइन्झ हवा होता की हॅमिल्टन, यावर आपण भांडतोय. तिथे कुणीही बसला तरी बोलायचं नाहीच.

चव्वेचाळीस:

पावसातली लॅप, +१. हेच मला नीट मांडता येत नव्हतं.

टिफोसी काका, एक जुनी गोष्ट तुम्हीही आठवा. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये हॅमिल्टनने मॅक्लारेन सोडून मर्सिडीजला जायचं ठरवलं तेव्हा मर्सिडीजच्या नावावर २०१० ला परत आल्यापासून एकच विजय होता, रोझबर्गचा चीनमधला. सगळे म्हणाले, पैशासाठी जातोय, कारकीर्द संपली. २०१३ ला त्याने एकच शर्यत जिंकली. २०१४ ला इंजिनाचे नियम बदलले आणि पुढच्या सात वर्षांत सहा विजेतेपदं आली. २०२६ ला नियम पुन्हा मुळापासून बदलतायत. तो फेरारीत आलाय ते त्या वर्षासाठी, २०२५ साठी नव्हे.

आणि वयाचं म्हणाल तर अलोन्सो २०२३ मध्ये अॅस्टन मार्टिनला गेला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. त्या मोसमात आठ पोडियम.

जुना टिफोसी:

अलोन्सोचं उदाहरण चांगलं दिलंस. पण त्याने त्या वर्षी संघातल्या जोडीदाराला सहज मागे टाकलं होतं. हॅमिल्टनच्या शेजारी लेक्लेर आहे.

ब्रेकपॉइंट:

२०२६ बद्दल घाईने आशा लावू नका, घाईने सोडूही नका. गाड्या आखूड, अरुंद आणि हलक्या होतायत, किमान वजन ७६८ किलो. तळाखालच्या हवेवरचं अवलंबन कमी होतंय. हे हॅमिल्टनला मानवेल. पण जवळपास निम्मी ताकद विजेची, ३५० किलोवॅटपर्यंत, आणि ती बॅटरी भरायची कशी? ब्रेक लावताना आणि पाय उचलताना मागच्या चाकांतून. म्हणजे ब्रेकच्या पेडलखाली नेमकं काय होतंय हे ड्रायव्हरच्या पायापेक्षा सॉफ्टवेअर जास्त ठरवणार. ज्याचा सगळा खेळ पेडलच्या जाणिवेवर चालतो, त्याच्यासाठी हे वरदान की नवी डोकेदुखी, हे मला गाडी रस्त्यावर आल्याशिवाय सांगता येणार नाही.

एक मात्र नक्की. नवी गाडी लोइक सेराच्या हाताखाली तयार होतेय, आणि तो मर्सिडीजमधून आलाय. हॅमिल्टन काय मागतो हे त्याला ठाऊक आहे.

मोन्झाकर:

सेराचा मुद्दा मान्य, तो वजनदार आहे. तरी २०१४ शी तुलना नको. तेव्हा मर्सिडीजचं इंजिन बाकीच्यांच्या कितीतरी पुढे निघालं, आणि हॅमिल्टन एकोणतीस वर्षांचा होता.

मला खरी भीती आहे ती लेक्लेरची. २०१९ पासून तो या संघात आहे, २०२५ अखेर आठ शर्यती जिंकल्यात, आणि विजेतेपदासाठी लढता येईल अशी गाडी त्याला पूर्ण मोसमभर एकदाही मिळालेली नाही. २०२६ ची गाडी फसली तर तो जाईल, आणि त्याला कुणी अडवूही नये. मग फेरारीकडे साइन्झही नसेल आणि लेक्लेरही नसेल.

चव्वेचाळीस:

लेक्लेर जाणार असेल तर तो गाडीमुळे जाईल, ते खापर हॅमिल्टनवर फोडू नका.

२०२६ च्या मार्चमध्ये मेलबर्नच्या पात्रता फेरीत मी एवढंच बघणार आहे: दोघांच्या वेळेत फरक किती. दोन दशांशांच्या आत असला, तर या धाग्याच्या शीर्षकावर आपण पुन्हा बोलू, आणि मी पहिला प्रतिसाद देईन. अर्धा सेकंद असला तरीही मी इथे येईन.